पाझरत्या कड्यावरील गवत आणि गावाची नोंदवही

शेतकऱ्याच्या दृष्टीने गवताचे दोन प्रकार असतात. एक, गुरे खातात ते. आणि दुसरे, खुरप्याने काढावे लागते ते. या दोहोंत न बसणारा तिसराही एक प्रकार आहे, तो म्हणजे ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असे गवत. प्रस्तुत लेख या तिसऱ्या प्रकारातील एका गवताविषयी आहे. ते गुरांच्या तोंडास लागत नाही, कारण ते जेथे उगवते तेथे गुरांचे पाय पोहोचत नाहीत. ते पिकास उपद्रव देत नाही, कारण शेतात ते उगवतच नाही. पावसाळ्यात ज्या उभ्या कातळावरून पाणी अखंड पाझरत असते, त्याच्या ओल्या, शेवाळलेल्या अंगाला धरून हे नाजूक गवत वाढते आणि ओल सरली की बी टाकून नाहीसे होते. शास्त्रज्ञ त्याला ‘हबर्डिया हेप्टॅन्यूरॉन’ या नावाने ओळखतात.

ज्यापासून ना दाणा मिळतो ना वैरण, अशा गवतासाठी शेतीविषयक पत्रिकेची पाने का खर्ची घालावीत, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. तो प्रश्न रास्तही आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी या गवताची हकीगत सांगणे अवश्य आहे. कारण त्या हकीगतीतच उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे.

१९१९ साली मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकास, उत्तर कानडा जिल्हा व म्हैसूर संस्थान यांच्या सीमेवर असलेल्या गिरसप्पाच्या धबधब्याजवळ, म्हणजेच आजच्या जोगच्या धबधब्याजवळ, दोन गृहस्थांनी हे गवत गोळा केले. त्यांपैकी एल. जे. सेजविक हे मुलकी अधिकारी होते. १९२१ च्या खानेसुमारीचे मुंबई इलाख्याचे काम पुढे त्यांच्याकडेच आले. दुसरे टी. आर. बेल हे वनखात्यातील अधिकारी असून फुलपाखरे व पतंग यांच्या अभ्यासाबद्दल प्रसिद्ध होते. दोघांपैकी एकाचाही व्यवसाय वनस्पतिशास्त्राचा नव्हता. कामानिमित्त रानावनातून फिरावे लागे, आणि फिरताना डोळे उघडे ठेवण्याची त्यांना सवय होती, इतकेच. त्यांनी ते गवत कागदात दाबून वाळवले, त्याजवळ ठिकाण व साल यांची नोंद ठेवली आणि तो नमुना जतन झाला.

तो कागद सुमारे तीस वर्षे तसाच राहिला. पुढे भारतातील गवतांचे थोर अभ्यासक एन. एल. बोर यांनी तो तपासला, तेव्हा हे गवत केवळ नवीन जातीचेच नव्हे, तर सर्वस्वी नवीन प्रजातीचे आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. इंग्लंडातील क्यू येथील प्रख्यात तृणतज्ज्ञ सी. ई. हबर्ड यांच्या सन्मानार्थ त्यांनी या प्रजातीस ‘हबर्डिया’ असे नाव दिले. ‘हेप्टॅन्यूरॉन’ या दुसऱ्या पदाचा अर्थ ‘सात शिरांचे’ असा आहे. अशा रीतीने १९५० च्या सुमारास या गवतास शास्त्रात स्थान लाभले. परंतु ते ज्या ठिकाणचे होते तेथील परिस्थिती त्याच काळात पालटत होती.

शरावती नदीवरील जलविद्युत केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले आणि १९६४ मध्ये लिंगनमक्कीचे मोठे धरण पूर्ण झाले. धबधब्यावरून कोसळणारे पाणी धरणात अडू लागले. या विजेने असंख्य घरांत दिवे लागले व कारखाने चालू झाले, हे विसरून चालणार नाही. धरणाची निंदा करण्याचा येथे हेतू नाही. तथापि, ज्या वनस्पतीचे जीवित तुषारांवर व पाझरावर अवलंबून असते, तिच्या दृष्टीने धबधब्याचे पाणी कमी होणे म्हणजे विहीर आटल्यासारखेच होय. पुढे त्या परिसरात हे गवत पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाही. एकदाच गोळा झालेले, एकाच ठिकाणचे आणि पुन्हा न सापडलेले, अशी त्याची ख्याती झाली व नामशेष झालेल्या वनस्पतींत त्याची गणना होऊ लागली.

या शतकाच्या पहिल्या दशकात कोल्हापूर येथील शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील संशोधकांना हे गवत पुन्हा सापडले. ते जोगजवळ सापडले नाही. तेथून उत्तरेस दीडशेहून अधिक किलोमीटर दूर, कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका जेथे संपतो व सह्याद्री कोकणात उतरू लागतो, त्या तिलारीच्या परिसरात ते सापडले. ज्या वनस्पतीचे केवळ दक्षिणेकडील एकच स्थान ठाऊक होते, तिचे उत्तरेकडील टोक महाराष्ट्राच्या एका घाटात जिवंत होते. ते तेथे नव्याने आले नव्हते. वर्षानुवर्षे त्या कड्यांवर ते उगवत होते, आणि घाटातून जाणारे-येणारे त्याच्या शेजारून जात होते. ‘पुन्हा सापडले’ ही शास्त्रज्ञांची भाषा झाली. गवताच्या बाजूने पाहिले तर ते कधी हरवलेच नव्हते.

आता प्रश्न असा की, मुख्य ठिकाणी न दिसणारी वनस्पती टोकाच्या ठिकाणी कशी टिकून राहते? प्रत्येक वनस्पतीचे निसर्गात एक विस्तारक्षेत्र असते. त्याच्या मध्यभागी तिला मानवेल असा पाऊस, माती व हवा असते. तेथे ती संख्येने पुष्कळ असते. जसजसे कडेला जावे तसतशी परिस्थिती प्रतिकूल होत जाते, झाडे विरळ होतात आणि एका विशिष्ट मर्यादेपलीकडे ती मुळीच आढळत नाहीत. सह्याद्रीच्या बाबतीत ही गोष्ट स्पष्ट दिसते. दक्षिणेकडे पावसाळा लांबतो. उत्तरेकडे येऊ लागावे तसा कोरडा काळ वाढत जातो. म्हणून दक्षिणेतील ओलाव्यात वाढणारी वनस्पती उत्तरेकडे आलीच, तर ती एखाद्या घळीत, सावलीच्या कड्यावर, सतत पाझरणाऱ्या कातळावर असा आश्रय शोधून राहते. तेवढी एक जागा तिचे घर असते. घराबाहेर दहा पावलांवर ती जगू शकत नाही.

अशा टोकाच्या वस्तीची दोन लक्षणे ध्यानात ठेवण्यासारखी आहेत. पहिले हे की, ती फार लवकर नष्ट होऊ शकते. झाडे थोडी, जागा लहान आणि शेजारी दुसरी वस्ती नसल्यामुळे बाहेरून बी येण्याची शक्यता नाही. अशा ठिकाणी एका उन्हाळ्यातील एक काम तिचा शेवट करण्यास पुरेसे होते. दुसरे लक्षण याच्या उलट आहे. प्रतिकूल परिस्थितीत पिढ्यान् पिढ्या काढलेली झाडे पुष्कळदा मध्यभागातील झाडांहून अधिक काटक असतात. असे प्रत्येक वेळी घडतेच असे नाही. परंतु शेतकऱ्यास ही गोष्ट अपरिचित नाही. अवर्षणी, हलक्या जमिनीच्या गावातून आणलेले ज्वारीचे बियाणे पाऊस कमी पडला तरी तग धरते, हे त्याने अनुभवलेले असते. भारी जमिनीत लाडाने वाढलेल्या बियाण्याला ते साधतेच असे नाही. कडेच्या जागा ही निसर्गाची निवडीची शेते होत. मध्य उद्ध्वस्त झाला तर कडच मुळाला आधार देते, हाच तिलारीचा धडा आहे.

येथे पूर्वीच्या प्रश्नाकडे वळू. या साऱ्याचा शेतकऱ्यास काय लाभ? हबर्डियापुरते बोलायचे तर आज काही नाही, असे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. उद्या तिच्यातून एखादे औषध निघेल किंवा नवे पीक निर्माण होईल, अशी आशा दाखवून तिचे रक्षण करा म्हणणे योग्य नाही. अशी खोटी आशा दाखवल्याने लोकांचा विश्वास उडतो, आणि एकदा उडालेला विश्वास पुन्हा मिळवणे कोणत्याही कार्यकर्त्यास कठीण जाते.

परंतु कोणत्या गवताचा उपयोग होईल व कोणत्याचा नाही, हे आधी कोणाला कळले होते, याचाही विचार करावा. नदीकाठी वाढणारे व शेतात घुसल्यास डोकेदुखी होणारे काशाचे गवत सर्वांच्या परिचयाचे आहे. कोइमतूर येथील ऊस पैदास केंद्रात १९१२ मध्ये बार्बर व वेंकटरामन यांनी या काशाचा संकर जाड, रसाळ पण नाजूक अशा उसाशी घडवून आणला. त्यापासून निघालेला ‘को २०५’ हा ऊस १९१८ मध्ये लागवडीसाठी देण्यात आला. काशाने उसाला काटकपणा, फुटवे आणि प्रतिकूल हवामान सोसण्याची शक्ती दिली. कोइमतूरच्या त्या परंपरेतून पुढे निघालेले ऊस आज आपल्या मळ्यांत उभे आहेत आणि त्यांच्या अंगात काशाचा अंश आहे. ज्या साखरेवर आपल्या सहकारी कारखान्यांची धुराडी उभी राहिली, तिचे एक मूळ खुरप्याने उपटून फेकलेल्या गवतात आहे.

भाताचे उदाहरण तर याहूनही बोलके आहे. तळ्यांच्या व पाणथळ जागांच्या काठी आपोआप उगवणाऱ्या रानभातास आपल्याकडे देवभात म्हणतात. संस्कृत ग्रंथांत त्याच वर्गातील धान्यास नीवार हे नाव आहे. दाणा पिकताच तो गळून पडतो म्हणून शेतकरी त्यास तण समजतो. गेल्या शतकाच्या सातव्या व आठव्या दशकांत आशियातील भातशेतीवर रोपे खुजी करणारा एक विषाणुजन्य रोग पसरला. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने प्रतिकारशक्तीच्या शोधात सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. उपयोगी पडला तो एकच. तो होता उत्तर प्रदेशातून गोळा केलेला रानभाताचा नमुना. त्याची ती शक्ती लागवडीच्या भातात आणली गेली आणि १९७६ मध्ये प्रसारित झालेला ‘आय. आर. ३६’ हा वाण पुढे आशियात लक्षावधी हेक्टरांवर पसरला. ज्या डबक्याच्या काठून ते बी उचलले गेले, ते डबके त्याआधीच कोणी बुजवले असते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

या दोन उदाहरणांचा अर्थ, प्रत्येक रानगवतात गुप्तधन दडलेले आहे असा घेऊ नये. त्यांचा अर्थ एवढाच की, हिशेब पूर्ण होण्यापूर्वी वही फाडून टाकण्याचा अधिकार आपणास नाही. शहाणा शेतकरी बियाण्याची शेवटची मूठ दळायला देत नाही. मग ते बियाणे त्या वर्षी पेरायचे असो वा नसो.

तर मग ही शेवटची मूठ धोक्यात कोठे येते? हबर्डियासारख्या वनस्पतींच्या बाबतीत विचार केला तर असे दिसेल की, दुष्ट हेतूने तिचा नाश करणारा कोणी नसतो. नाश होतो तो चांगल्या कामांच्या ओघात, आणि ती कामे बहुधा आपल्याच गावांची असतात. घाटरस्ता रुंद करताना सुरुंगाने कडा फोडला जातो. दरड कोसळू नये म्हणून पाझरत्या कातळावर सिमेंटचा लेप दिला जातो. उन्हाळ्यात टंचाई असते, म्हणून कड्यातील झऱ्याचे तोंड बांधून सारे पाणी नळात घेतले जाते. चांगले गवत फुटावे या समजुतीने फाल्गुन-चैत्रात डोंगरमाथ्यास आग लावली जाते. माथ्यावरील गवताचे आच्छादन जळाले की पावसाचे पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि खालचा पाझर लवकर आटतो. या प्रत्येक कामामागे काही ना काही गरज असते, किंवा निदान तशी समजूत तरी असते.

म्हणून ‘रस्ता नको’ किंवा ‘नळ नको’ असे म्हणणारा हा लेख नाही. डोक्यावर हंडा घेऊन कडा चढणाऱ्या भगिनीस गवताची कथा सांगून घरी पाठवणे हा क्रूरपणा होईल. पण बहुतेक वेळा निवड ‘पाणी की गवत’ अशी नसतेच. झरा बांधताना पाण्याचा थोडा अंश कातळावरून पूर्ववत पाझरू दिला, तर टाकी भरण्यास थोडा अधिक वेळ लागेल, एवढेच. घाटात ज्या भागातून पाणी पाझरते तो भाग सोडून दुसऱ्या बाजूने रस्ता रुंद करणे पुष्कळ ठिकाणी शक्य असते. कातळावरील पाणी गटारात घेण्यासाठी गटार साफ करावे लागते. कातळ खरवडून काढण्याचे कारण नसते. वणव्याने तर लाभाहून हानीच अधिक होते, हे आपल्या खात्याने वारंवार सांगितलेले आहे. आवश्यकता असते ती एकाच गोष्टीची : काम सुरू होण्याआधी कोणीतरी त्या जागेकडे पाहिलेले असले पाहिजे.

हा ‘कोणीतरी’ म्हणजे कोण? माझ्या मते तो गावपातळीवरील कार्यकर्ता आणि गावचा शेतकरी. विद्यापीठातील संशोधक वर्षातून एकदोनदा घाटात येऊ शकतो. त्यास सारे कडे पाहणे शक्य नाही. गुराखी, मध गोळा करणारा, पाणक्या, शिवाराची पाहणी करणारा कार्यकर्ता हे मात्र त्या वाटांवरून नित्य फिरतात. सेजविक व बेल यांचे उदाहरण म्हणूनच वर दिले. एक जण खानेसुमारीचा, एक जण रानाचा अधिकारी. परंतु त्यांनी वाकून पाहिले नसते, तर या गवताचे नावही जगास कळले नसते.

आपल्या शेतीखात्यास तर ही परंपरा परकी नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात काम केलेले रा. के. भिडे यांनी गवतांचा इतका सूक्ष्म अभ्यास केला की, सह्याद्रीतील एका तृणप्रजातीस ‘भिडिया’ असे त्यांचे नाव मिळाले. १९३५ मध्ये ब्लॅटर व मॅकॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील मोठा ग्रंथ निघाला, तोही शेती संशोधनाच्या तत्कालीन अखिल भारतीय संस्थेने प्रसिद्ध केला. गवत ओळखणे हे त्या पिढीस शेतीचेच काम वाटत होते. पुढे पिकांच्या उत्पादनाची निकड वाढली आणि ही सवय मागे पडली. निकड खरी होती. परंतु सवय सुटल्याने झालेले नुकसानही खरे आहे.

आज या कामास कायद्याचाही आधार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून त्या समितीने लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. गावाच्या हद्दीतील पिकांचे वाण, रानभाज्या, औषधी वनस्पती, झाडे, पशुपक्षी, पाणवठे आणि त्यांविषयी गावकऱ्यांस असलेले ज्ञान हे सर्व तीत यावे, अशी अपेक्षा आहे. ही नोंदवही म्हणजे गावाच्या जिवंत संपत्तीचा सात-बारा होय. मात्र सात-बारा जसा जमीन पाहून लिहावा लागतो, तशी ही नोंदवहीही शिवार पाहूनच लिहिली पाहिजे. कचेरीत बसून, शेजारच्या गावाची यादी उतरून घेऊन भरलेल्या वहीत आंबा, फणस, कडुनिंब ही नावे येतील. पाझरत्या कड्यावरील गवत येणार नाही. आणि जे वहीत नाही, ते सुरुंग लावणाऱ्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते. या लेखाचा सारा आग्रह या एका मुद्द्यावर आहे.

हे काम कसे करावे, याविषयी थोडक्यात सांगतो. प्रथम, गावाच्या हद्दीतील ‘कडेच्या’ जागांची यादी करावी : पाझरते कातळ, घळी, देवराई, सड्यावरील पाण्याची डबकी, जुन्या तळ्यांचे काठ, गडाच्या तटाखालील कडे. पिकाखाली नसल्याने या जागा ‘पडीक’ म्हणून लिहिल्या जातात. त्या पडीक नसून राखीव आहेत, असे समजावे. दुसरे, गावातील वृद्ध स्त्रीपुरुष, गुराखी व वैदू यांस सोबत घेऊन पावसाळ्याच्या आरंभी, मध्यावर व अखेरीस, अशा किमान तीन फेऱ्या या जागांवर माराव्यात. कारण पुष्कळशा वनस्पती दोन-तीन महिनेच दिसतात आणि उन्हाळ्यात गेल्यास कोरडा खडक तेवढा आढळेल.

तिसरे, जे ओळखू येणार नाही त्याचे छायाचित्र घ्यावे. सेजविक व बेल यांस कागदात दाबून नमुना न्यावा लागला. आज बहुतेकांच्या खिशात छायाचित्र घेण्याचे साधन असते. संपूर्ण झाड, पान, फूल अथवा तुरा आणि आजूबाजूची जागा अशी चार चित्रे पुरेत. सोबत दिनांक, जागा, झाडांची अंदाजे संख्या व स्थानिक नाव यांची नोंद करावी. दहा-वीसच झाडे असतील तर एकही उपटू नये. नमुन्याची गरज भासल्यास ते जाणत्या माणसाने ठरवावे. चौथे, ही माहिती नजीकच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांस, कृषी विज्ञान केंद्रास किंवा वनखात्यास कळवावी. पुणे येथे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. पिकांच्या रान-नातलगांविषयी राष्ट्रीय वनस्पती अनुवंशिक संसाधन ब्यूरोचे अकोला येथील केंद्र आहे. दहा नमुन्यांपैकी नऊ साधेच निघतील. त्याने संकोचू नये. जो दहा वेळा विचारील त्यालाच अकरावे सापडेल.

पाचवी गोष्ट सावधगिरीची आहे. दुर्मिळ वनस्पती सापडल्याचा आनंद गावभर वाटून तिचा नेमका ठावठिकाणा जाहीर करू नये. हौशी लोक ती पाहण्यास येतात, कोणी कुंडीत लावण्यासाठी उपटून नेतो, आणि जी वनस्पती शंभर वर्षे दुर्लक्षामुळे टिकली ती एका वर्षाच्या कौतुकामुळे नाहीशी होते. स्वतःच्या परसात नेऊन तिला वाचवण्याचा प्रयत्नही कोणी करू नये. हबर्डियाची रोपे वाढवून ती अनुरूप अशा दुसऱ्या ओल्या कड्यांवर लावण्याचे प्रयत्न शिवाजी विद्यापीठातील अभ्यासकांनी केले आहेत. परंतु ते तज्ज्ञांचे काम आहे. आपले काम मूळ जागा शाबूत ठेवण्याचे. जागा गेली तर रोप कोठे लावणार?

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ग्रामसभेपुढे रस्त्याचा, पाणीयोजनेचा किंवा दगडखाणीचा विषय येईल, तेव्हा ही नोंदवही टेबलावर असली पाहिजे. ‘या कड्यावर काय आहे?’ हा एक प्रश्न कार्यकर्त्याने त्या वेळी विचारावा. उत्तर ‘काही नाही’ असे असेल तर काम निर्वेधपणे चालू द्यावे. ‘काहीतरी आहे’ असे असेल तर काम कसे वळवता येईल ते पाहावे. ‘ठाऊक नाही’ असे उत्तर आले, तर एक पावसाळा थांबून पाहून यावे. एका पावसाळ्याच्या विलंबाने रस्ता नष्ट होत नाही. एका दिवसाच्या घाईने मात्र वनस्पतीची जात नष्ट होऊ शकते.

तिलारीचा परिसर अजून हिरवा आहे. त्याच्या पायथ्याच्या दोडामार्ग तालुक्यातील वनक्षेत्रास २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जाही मिळाला आहे. परंतु सह्याद्रीत तिलारी एकच नाही. चंदगडपासून नंदुरबारपर्यंत शेकडो घाट, हजारो कडे आहेत आणि त्यांपैकी बहुतेक कोणत्याही राखीव क्षेत्रात मोडत नाहीत; ते तुमच्या-आमच्या गावांच्या हद्दीत मोडतात. दक्षिणेकडून आलेली कोणती वनस्पती आपल्या वाटचालीच्या शेवटच्या टोकावर, कोणत्या गावच्या कातळाला धरून उभी आहे, हे आज कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. ते लिहिण्याचा मान ज्या गावास मिळेल, त्या गावाने पुस्तकी विद्येत मागे असल्याची खंत बाळगू नये. पाहणाऱ्याचे डोळे हवेत आणि वही कोरी ठेवता कामा नये. येता पावसाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याने आपल्या गावची नोंदवही एकदा उघडून पाहावी आणि त्यात आपल्या हद्दीतील एका तरी पाझरत्या कड्याचे नाव लिहावे, एवढीच विनंती आहे.